रोमच्या घरगुती त्रात्तोरियात जेवण: जागा शोधण्यापासून बिल देईपर्यंत

रोम पाहून आलेल्या मराठी मंडळींना तिथल्या जेवणाबद्दल विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "पिझ्झा-पास्ता सगळीकडे मिळतो, पण चवीला काही खास नाही." ग्रुप टूरमध्ये दुपारचं जेवण एखाद्या भारतीय हॉटेलात उरकलेलं असतं. मोकळी संध्याकाळ मिळालीच, तर ती त्रेवीच्या कारंज्याजवळ, दारात फोटोंचा मेनू लावलेल्या कुठल्या तरी ठिकाणी जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तिथून थोड्याच अंतरावर अशा वस्त्या आहेत, जिथे एकेक कुटुंब पिढ्यान् पिढ्या आपल्या मोहल्ल्यातल्या लोकांना जेवू घालतंय, आणि तिथे शाकाहारी माणसाचंसुद्धा पोटभर, चवीचं जेवण होतं.

या छोट्या हॉटेलांना त्रात्तोरिया म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या घरगुती खानावळीची पद्धत ज्याला माहीत आहे, त्याला त्रात्तोरिया समजायला वेळ लागत नाही. गल्ल्यावर घरातलंच कोणी, टेबलांवर मुलगा किंवा सून, आत चुलीपाशी आई किंवा काका, आणि आज काय शिजणार ते बाजारात काय आलंय त्यावर ठरणार. या स्वयंपाकघराची एक लय असते. वार, ऋतू, पदार्थांचा क्रम सगळं ठरलेलं. पाहुण्याने त्या लयीत शिरून ऑर्डर दिली तर जेवण उत्तम होतं. स्वतःच्या कल्पनेतला पदार्थ तिथे करून मागितला की दोन्ही बाजूंना त्रास होतो. पुढचं सगळं लिखाण ही लय कशी पकडायची याबद्दल आहे. इटलीत दर शहराचं जेवण वेगळं असतं, म्हणून पदार्थांचा भाग फक्त रोमपुरता समजा. बसण्या-मागवण्याच्या रीती मात्र देशभर साधारण सारख्याच आहेत.

जागा कशी ओळखायची

कोलोसियम, पँथिऑन, त्रेवी यांच्या अगदी लगतचा परिसर सोडा. तेस्ताच्चो, गार्बातेल्ला, मोंतेवेर्दे, सान लोरेन्झो, पिन्येतो या राहत्या वस्त्या आहेत. तेस्ताच्चोसाठी मेट्रो बी मार्गावरचं पिरामिदे स्टेशन, गार्बातेल्लासाठी त्याच मार्गावर त्याच नावाचं स्टेशन, आणि मोंतेवेर्देकडे ८ नंबरची ट्राम जाते. त्रास्तेवेरे सगळ्यांना माहीत असतं. तिथे चांगली घरगुती ठिकाणं आहेत, पण पर्यटकांसाठी थाटलेलीही तितकीच आहेत, त्यामुळे पारखून घ्यावं लागतं.

पारखायचं कशावरून? मी आधी मेनूची लांबी बघतो. चार-पाच आन्तीपास्ती (सुरुवातीचं खाणं), पाच-सहा पास्ते, तेवढेच मुख्य पदार्थ, आणि एक हाताने लिहिलेला कागद किंवा फळा, ही चांगली लक्षणं. पिझ्झा, लझान्या, सीफूड, बर्गर आणि सहा भाषांतला फोटोवाला मेनू एकाच ठिकाणी दिसला, तर ते स्वयंपाकघर रोजच्या गिऱ्हाइकासाठी चालत नाही. दारात उभं राहून हाक मारणारा माणूस असेल तर पुढे चला. दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत सलग उघडं असणारं ठिकाणही शंकास्पदच. घरचीच माणसं राबत असतील तर त्यांना दुपारी विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी लागणारच, आणि ती सुट्टी दारावर लिहिलेली असते.

पिझ्झाचा हट्ट इथे नको. बऱ्याच त्रात्तोरियांमध्ये पिझ्झा मिळतच नाही, त्यासाठी पिझ्झेरिया वेगळी. ओस्तेरिया ही पाटी दिसली तर हल्ली ती त्रात्तोरियासारखीच समजावी. रिस्तोरांते म्हणजे थोडं औपचारिक आणि महाग.

तेस्ताच्चोबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रोमचं जेवण तिथे घडलं आणि आपल्यातल्या अनेकांनी तिथे विशेष जपून ऑर्डर द्यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या वस्तीत शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला. तो १९७५ मध्ये बंद झाला. चांगलं मांस श्रीमंतांकडे आणि चर्चच्या मोठ्या लोकांकडे जायचं. कामगारांच्या वाट्याला, कधी मजुरीचा भाग म्हणूनच, शेपूट, आतडी, जीभ, काळीज असे अवयव यायचे. त्याला तिथे ‘पाचवा चतुर्थांश’ म्हणतात, म्हणजे जनावराचे चार भाग विकून झाल्यावर उरलेलं सगळं. त्या उरलेल्यातून गरिबांच्या बायकांनी आणि आसपासच्या खानावळींनी तासन् तास शिजवून जे पदार्थ केले, ते आज रोमचा अभिमान आहेत. बैलाच्या शेपटीची कोदा आल्ला वाच्चिनारा, जनावराच्या जठराची त्रिप्पा, दूधपित्या वासराच्या आतड्यांची पायाता. या शेवटच्या पदार्थावर ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने २००१ मध्ये बंदी आली आणि २०१५ मध्ये ती उठली. कत्तलखान्यासमोरचं केक्कीनो हे हॉटेल १८८७ पासूनचं, तीच तारीख त्याच्या नावात आहे. या पदार्थांमागची काटकसर आणि कसब याबद्दल मला फार आदर वाटतो. पण हे सगळं गोवंशाचं मांस आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

वार, वेळ आणि बुकिंग

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच-तीन. नंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी साडेसात-आठला उघडतं. रोमन कुटुंबं साडेआठ-नऊला जेवायला येतात. आपली संध्याकाळी सातची भूक घेऊन गेलात तर दार बंद मिळेल. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर साडेसातचं, म्हणजे उघडल्या उघडल्याचं टेबल घ्या. तेव्हा गर्दी नसते आणि वेटरला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच वेळ निवडावी असं मी सांगेन.

वाराचंही गणित आहे. रोममध्ये गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा असा जुना क्रम आहे आणि अनेक घरगुती ठिकाणी तो अजून पाळतात. शाकाहारी असाल तर गुरुवार हाताशी ठेवा, फक्त न्योक्कीवरचा सॉस मांसाचा आहे का ते विचारा. शुक्रवारी छोल्यांचा पास्ता, म्हणजे पास्ता ए चेची, मिळण्याची शक्यता असते. रविवारी दुपारी आजीपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब एकत्र जेवायला येतं, त्यामुळे बुकिंगशिवाय जाऊ नका. (डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाचा मान मिळाला, त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही मिळाला. इटलीच्या प्रस्तावात एकत्र बसून जेवण्यावर भर होता. तो समजून घ्यायचा असेल तर रविवारची दुपार बघावी.) ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास, अनेक त्रात्तोरिया दोन-तीन आठवडे बंद असतात. दारावर ‘क्यूझो पेर फेरिये’ अशी चिठ्ठी दिसेल, म्हणजे सुट्टीनिमित्त बंद.

बुकिंग फोनवर करा किंवा आदल्या दिवशी स्वतः जाऊन करा. स्वतः गेलात तर चेहरा लक्षात राहतो, मेनू डोळ्याखालून जातो आणि शाकाहारी असल्याचं निवांत सांगता येतं. फोनवर एवढं पुरतं: "वोर्रेई प्रेनोतारे उन तावोलो पेर क्वात्त्रो, दोमानी सेरा आल्ले ओत्तो ए मेद्झा", म्हणजे उद्या रात्री साडेआठला चौघांसाठी टेबल हवंय. मग नाव विचारतील. मराठी आडनाव त्यांना ऐकून लिहिता येत नाही, आणि इटालियन लोक अक्षरं शहरांच्या नावांनी सांगतात. पाटील असाल तर: पी कोमे पादोवा, आ कोमे आंकोना, ती कोमे तोरीनो, ई कोमे इमोला, एल्ले कोमे लिवोर्नो. कुलकर्णींच्या ‘के’ला काप्पा, जोशींच्या ‘जे’ला ई लुंगा, देशमुखांच्या ‘एच’ला आक्का. आडनाव लांब असेल तर सरळ छोटं पहिलं नाव द्या. दहा-बारा जणांचा गट असेल तर दोन-तीन दिवस आधी सांगा. तीस-चाळीस खुर्च्यांच्या जागेत अचानक आलेले बारा लोक म्हणजे त्यांची सगळी संध्याकाळ विस्कटते.

आत गेल्यावर

दुपारी "बुओनजोर्नो", संध्याकाळी "बुओनासेरा" म्हणायचं आणि दारातच थांबायचं. रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसू नका, ते कोणाचं तरी राखीव असू शकतं. किती जण आहात ते बोटांनी दाखवलं तरी चालतं.

मेनू कसा वाचायचा

क्रम असा असतो. आन्तीपास्ती म्हणजे सुरुवातीचं खाणं. प्रीमी म्हणजे पास्ता, सूप, न्योक्की. सेकोंदी म्हणजे मांस किंवा मासे. कोन्तोर्नी म्हणजे भाज्या. शेवटी दोल्ची, म्हणजे गोड. प्रीमो आणि सेकोंदो एका ताटात येत नाहीत, एकामागून एक येतात. आपण पोळीबरोबर भाजी खातो तसा पास्ता चिकनच्या तोंडी लावायचा नसतो.

सगळेच टप्पे घ्यायची सक्ती कोणी करत नाही. दोघांनी एक आन्तीपास्तो वाटून घ्यावा, मग प्रत्येकी एक प्रीमो, नंतर वाटून एक-दोन कोन्तोर्नी, हे पुरेसं होतं. माणशी किमान एक पदार्थ तरी मागवावा. चौघांत दोन पास्ते घेऊन दोन तास टेबल अडवलं तर त्या कुटुंबाचं नुकसान होतं. इतक्या थोड्या टेबलांवर त्यांचं घर चालतं, याची जाण ठेवावी. लहान मुलांसाठी ‘मेद्झा पोर्त्सियोने’, म्हणजे अर्धा पास्ता, मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात. साध्या टोमॅटो सॉसचा किंवा फक्त लोणी-चीजचा पास्ता मेनूवर नसला तरी मुलांसाठी आनंदाने करतात.

दोन बारीक खुणांकडे लक्ष द्या. पदार्थापुढे फुली किंवा तारा असेल तर तो, किंवा त्यातला एखादा घटक, गोठवलेला आहे. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. किमतीपुढे ‘आल्लेत्तो’ असेल तर ती किंमत शंभर ग्रॅमची आहे. मासे आणि मोठे मांसाचे तुकडे असे विकतात. मासा मागवताना वजन आणि एकूण किंमत आधी विचारून घ्या, यात कोणाला राग येत नाही.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "कोझा चे दी बुओनो ओज्जी?" म्हणजे आज काय चांगलं आहे? रोजच्या गिऱ्हाइकाचा हा प्रश्न आहे. उत्तरात मेनूवर नसलेला एखादा पदार्थ निघतो आणि बहुधा तोच त्या दिवशीचा सगळ्यात ताजा असतो.

रोमचे चार पास्ते

हे चार समजले की निम्मा मेनू समजला. काचो ए पेपे म्हणजे पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि मिरपूड, बस्स. त्यात डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, म्हणजे ग्वांचाले, घातलं की ग्रीचा. ग्रीचात टोमॅटो आला की अमात्रिचाना, आणि टोमॅटोऐवजी अंडं आलं की कार्बोनारा. अमात्रिचानाचं नाव लात्सियोच्या डोंगरातल्या अमात्रीचे गावावरून आलं. २०१६ च्या ऑगस्टमधल्या भूकंपात ते गाव जवळजवळ उद्ध्वस्त झालं. कार्बोनारात क्रीम नसते. भारतात क्रीम घातलेली खाल्ली असेल तर इथली कोरडी, खारट आणि मिरपुडीची तिखट लागेल. एकदा तशीच खाऊन बघा.

चारही पदार्थांत मीठ आपल्या सवयीपेक्षा जास्त असतं, कारण पेकोरीनो आणि ग्वांचाले दोन्ही मुळातच खारट. वरून चीज मागवण्याआधी एक घास चाखा.

शाकाहारी माणसाने काय मागवावं

पहिली गोष्ट, नुसतं "कार्ने नको" म्हणून भागत नाही. अनेकांच्या डोक्यात कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. डुकराच्या मांडीचं खारवलेलं प्रोशुत्तो, ग्वांचाले, मांसाचं पाणी किंवा अँचोवी हे इवलेसे मासे त्यांना ‘नुसतं चवीपुरतं’ वाटतं. म्हणून नावं घेऊन सांगा: "सियामो वेजेतारियानी. निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते प्रोशुत्तो, ग्वांचाले, अलीची, ब्रोदो दी कार्ने", म्हणजे आम्ही शाकाहारी आहोत; मांस, मासे, प्रोशुत्तो, ग्वांचाले, अँचोवी, मांसाचं पाणी काही नको. एका कागदावर कोणाकडून तरी इटालियनमध्ये लिहून घेतलं तर थेट स्वयंपाकघरात पाठवता येतं. उच्चार चुकण्याची भीती राहत नाही.

आता कुठे काय लपलेलं असतं ते बघू. फ्योरी दी झुक्का, म्हणजे भोपळ्याची तळलेली फुलं, पाहून आपल्याला फार आनंद होतो, पण आत मोझरेल्लाबरोबर बहुतेक वेळा अलीची, म्हणजे तेच अँचोवी असतात. सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यांत मांसाचा रस्सा असू शकतो. पुन्तारेल्ले हा हिवाळ्यातला कुरकुरीत कडवट पाला, पण त्याच्यावरचं लसणीचं ड्रेसिंग अँचोवीचं असतं. पास्ता ए चेचीमध्येही अँचोवी घालतात, आणि राजम्यासारख्या दाण्यांच्या पास्ता ए फाज्योलीमध्ये डुकराची चरबी किंवा कातडं असण्याची शक्यता मोठी. स्त्राच्चातेल्ला हे सूप अंड्याचं दिसलं तरी पाणी मांसाचं. गोडात पन्ना कोत्तामध्ये जिलेटिन असतं. युरोपच्या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती हॉटेलाला द्यावी लागते. त्यात मासे, अंडी, दूध येतात, म्हणून अँचोवीचा पत्ता त्या यादीवरून लागतो. पण डुक्कर किंवा गोमांस त्या यादीत येत नाही, हे विसरू नका.

मग खायचं काय? पुष्कळ आहे. आर्राब्याता हा रोमचाच पास्ता: टोमॅटो, लसूण, लाल मिरची, ऑलिव्ह तेल. चीज न घालता मागवला आणि पास्ता सुका, म्हणजे बिनअंड्याचा, असला तर पूर्ण वनस्पतिजन्य. आल्यो ओल्यो ए पेपेरोंचीनो म्हणजे लसूण, तेल आणि मिरची. काचो ए पेपे तर आहेच. तिखटाची ओढ असेल तर "पेपेरोंचीनो" एवढाच शब्द पुरतो, सुकी मिरची किंवा मिरचीचं तेल आणून देतात.

खरा खजिना मात्र कोन्तोर्नीच्या पानावर आहे आणि आपले लोक ते पान उलटून पुढे जातात. चिकोरिया रिपास्साता मागवाच. ही कडवट पालेभाजी आधी उकडतात, घट्ट पिळतात आणि ऑलिव्ह तेलात लसूण-मिरचीवर परततात. पावाच्या तुकड्याबरोबर ती इतकी चांगली लागते की मी दर वेळी मागवतो. मिरची नको असेल तर तीच भाजी ‘आल्लाग्रो’ मागवा, नुसती उकडून तेल-लिंबू घातलेली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर आर्टिचोक ही जाड पाकळ्यांच्या कळीची भाजी, म्हणजे कार्चोफी, चुकवू नका. आल्ला रोमाना म्हणजे रानपुदिना आणि लसणीबरोबर मंद शिजवलेला, मऊ. आल्ला जुदिया म्हणजे रोमच्या ज्यू वस्तीची रीत, अख्खा तळून फुलासारखा उघडलेला, पाकळ्या कुरकुरीत. एकाच जेवणात दोन्ही मागवून बघण्यासारखे आहेत. वसंतात वाटाणे, बाकल्याचे कोवळे दाणे आणि आर्टिचोक यांची विन्यारोला मिळते. ती भाज्यांचीच, पण ग्वांचाले घालतात का ते विचारून घ्या. उन्हाळ्यात वांग्याचे थर घातलेली पार्मिजाना बऱ्याच ठिकाणी असते. एक पास्ता आणि दोन-तीन कोन्तोर्नी असं जेवलात तर सेकोंदोची उणीव भासत नाही.

कार्बोनारा ग्वांचाले काढून मागू नका. अमात्रिचानाचा सॉस तर सकाळीच मांसासकट शिजवून ठेवलेला असू शकतो. ज्या पदार्थाची चवच मांसावर उभी आहे तो अर्धा मागण्यापेक्षा जो मुळातच बिनमांसाचा आहे तो पूर्ण मागवावा. स्वयंपाक करणाऱ्यालाही तो मनापासून करता येतो.

कडक पाळणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पेकोरीनो रोमानो जमवायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात, पार्मिजानो या चीजला वासराचं. हे चालत नसेल तर "सेन्झा फोर्माज्ज्यो", चीजशिवाय, असं सांगा. अंडं चालत नसेल तर फेत्तुचीने, तोन्नारेल्ली असे ताजे पास्ते टाळा. सुकी स्पॅगेटी किंवा रिगातोनी फक्त गहू-पाण्याची असते. कांदा-लसूण न खाणाऱ्याला काचो ए पेपे चालेल, कारण त्यात दोन्ही नसतात, अर्थात चीजचा प्रश्न स्वतः ठरवायचा. चीजही नको, लसूणही नको असं असेल तर तेल-मिरपुडीचा साधा पास्ता, आल्लाग्रो भाजी आणि भाजलेल्या भाज्या. भाज्या ज्या जाळीवर भाजतात तिच्यावर मांसही भाजतात का, ते मात्र विचारा.

बीफ किंवा डुक्कर न खाणाऱ्यांसाठी

मांसाहारी असूनही गोमांस न खाणारे आपल्यात बरेच असतात. दोन शब्द पाठ करा: मान्द्झो म्हणजे बीफ, वितेल्लो म्हणजे वासरू. साल्तिंबोक्का वासराची, तिच्यावर प्रोशुत्तोही असतं. पोल्पेत्ते म्हणजे कोफ्ते, ते बहुधा बीफचे किंवा मिश्र. रागू सॉसही तसाच. निर्धास्त मागवता येईल ते अब्बाक्यो, म्हणजे कोवळ्या कोकराचं मांस. बरगड्या भाजून देतात त्या ‘आ स्कोत्तादीतो’ हातानेच खायच्या. सिमला मिरचीत शिजवलेलं चिकन, पोल्लो कोई पेपेरोनी, हा रोमचा उन्हाळी पदार्थ आपल्या जिभेला फार मानवतो. बाक्काला म्हणजे खारवलेला कॉड मासा. डुक्कर आणि दारू दोन्ही वर्ज्य असेल तर चिकन-कोकराच्या रश्श्यात वाइन घातली आहे का तेही विचारायला हवं, कारण रोमन स्वयंपाकात पांढरी वाइन सर्रास घालतात.

पाणी, पाव, वाइन

पाणी बाटलीतलं येतं आणि त्याचे पैसे लागतात. नातुराले साधं, फ्रिझ्झान्ते बुडबुड्यांचं. नळाचं पाणी रोममध्ये चांगलं असतं, पण टेबलावर ते मागायची रीत फारशी नाही.

वाइन घेणाऱ्यांनी घरची मागवावी, विनो देल्ला काझा. पाव लिटर, अर्धा लिटर, लिटर अशी सुराहीत मिळते. शेजारच्या कास्तेल्ली रोमानी टेकड्यांवरची पांढरी वाइन या जेवणाला शोभते. न घेतल्यास कोणी आग्रह करत नाही.

पावाची टोपली बहुधा न मागता येते. तो भूक मारायला खाऊ नका, पास्ता संपल्यावर ताटलीतला सॉस पुसायला राखून ठेवा. घरगुती ठिकाणी असं पुसून खाल्लेलं पाहून स्वयंपाकघराला आनंदच होतो.

जेवताना

पास्ता आला की लगेच खायला लागा. सगळ्यांची ताटं येईपर्यंत थांबलात तर काचो ए पेपेचा गोळा होतो. माशाच्या पास्त्यावर चीज मागू नका. ताटल्या सारख्या फिरवून सगळ्यांनी सगळं चाखायची आपली हौस इथे थोडी आवरावी. एक-दोन घास दिले-घेतले तर कोणी काही म्हणत नाही. स्वतःचं लोणचं-चटणी मात्र बॅगेतच राहू द्या.

वेटर वारंवार येऊन विचारणार नाही आणि बिलही आपणहून आणणार नाही. तिथे पाहुण्याला उठवणं असभ्य मानतात. काही हवं असेल तर नजर मिळवून हात किंचित वर करा, चुटकी किंवा "शुक शुक" नको.

गोड आणि कॉफी

तिरामिसूमध्ये कच्चं अंडं आणि काही ठिकाणी दारू असते. ज्यू वस्तीकडच्या परंपरेतला रिकोत्ता आणि आंबट चेरीचा टार्ट मिळाला तर तो घ्या. कॉफी गोडानंतर येते, गोडाबरोबर नाही, आणि ती छोटी काळी. कापुचीनो सकाळचं पेय आहे. जेवणानंतर मागितलं तर देतील, पण दूध-चीजच्या जेवणावर ते पोटालाही जडच.

बिल

"इल कोन्तो, पेर फावोरे" म्हणा, किंवा थेट गल्ल्यावर जा. अनेक छोट्या ठिकाणी पैसे तिथेच घेतात. साधारण अंदाज धरायचा तर पास्ता १० ते १५ युरो, सेकोंदो १५ ते २२, कोन्तोर्नो ५ ते ७. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावायची पद्धत इटलीभर आहे. पण रोम ज्या लात्सियो प्रांतात येतं तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तो लावायला मनाई आहे. म्हणून इथे बिलावर ‘पाने’, म्हणजे पाव, असं लिहिलेलं दिसतं. पाव खाल्ला असेल तर ते रास्त आहे. नको असेल तर टोपली आल्या आल्या "पाने नो, ग्रात्सिए" म्हणून परत करा. ‘सेर्वित्सियो’, म्हणजे सेवाशुल्क, म्हणून काही टक्के लावलेले असतील तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. एरवीही टिप ऐच्छिकच आहे. जेवण आवडलं तर वरचे दोन-चार युरो ठेवावेत.

कार्ड घ्यायला दुकानदार बांधील आहे, नाकारल्यास २०२२ पासून दंडाची तरतूद आहे. तरी थोडी रोकड जवळ असू द्या, मशीन बिघडतं. प्रत्येकाचं बिल वेगळं मागू नका. तिथे रक्कम डोक्यांवर सारखी वाटतात, आणि गंमत म्हणजे इटालियनमध्ये त्याला ‘रोमन पद्धतीने’ पैसे देणं म्हणतात. तुमचा आपसातला हिशेब नंतर मुक्कामाच्या हॉटेलवर करा. पैसे दिल्यावर छापील पावती मागून घ्या, आणि निघताना "बुओनीस्सिमो", म्हणजे फारच छान, असं स्वयंपाकघराच्या दिशेने ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा.

साडेआठला बसलेलं जेवण अकरा वाजेपर्यंत सहज चालतं. रोमची मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री साडेअकरापर्यंत, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत असते. कामं चालू असली की लवकरही बंद होते, म्हणून त्या दिवशीची वेळ दुपारीच तपासा. उशीर झालाच तर बिल मागतानाच टॅक्सी बोलवायला सांगा, गल्ल्यावरचा माणूस फोन करून देतो.